दोन मानांमधला उजेड

आमच्या इमारतीच्या तळाशी, रस्त्यापासून काही पायऱ्या उतरून गेलं की रफूचं दुकान लागतं. पाटी इतकी लहान आहे की वाचेपर्यंत माणूस पुढे निघून जातो. तरी ज्याच्या कोटावर सिगारेटची ठिणगी पडली आहे किंवा ज्याच्या लोकरी कपड्यांत कसर शिरली आहे, तो विचारत विचारत बरोबर तिथे पोचतो. दुकान एका नवराबायकोचं. त्यांना सगळे मास्तर आणि मास्तरीण म्हणतात. शाळेशी दोघांचाही काही संबंध नाही. सुई धरणाऱ्या माणसाला मास्तर म्हणायची रीत आहे, आणि मास्तरांची बायको ती मास्तरीण, इतकाच हिशेब.

मी वरच्या मजल्यावर राहते. माझे यजमान गेल्यावर दुपार खायला उठायची. एकदा त्यांचा जुना कोट घेऊन खाली गेले आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसले, तेव्हापासून दुपारी तिथेच जाऊन बसायची सवय लागली. त्या दोघांना माझी अडचण होत नसे. मी बोलले तर ऐकत, नाही बोलले तर तीही बोलत नसत.

दुकानाला खिडकी एकच. तीही पाठीमागच्या भिंतीत, छताला लागून. तिच्यातून मागच्या गल्लीच्या फुटपाथवरून जाणाऱ्यांचे नुसते पाय दिसतात. कुणी दोघं भेटून तिथे गप्पा मारत उभी राहिली की उजेड अडायचा, मग मास्तर लाकडी पट्टीने काचेवर टकटक करून ओरडायचे, “पाय उचला हो, पाय! संसाराच्या गोष्टी पुढच्या खांबापाशी जाऊन करा!”

दिवा नव्हता असं नाही. पण दिव्याच्या उजेडात काळा आणि गडद निळा सारखेच दिसतात, आणि रफूमध्ये धाग्याचा रंग चुकला तर सगळं चुकलं. रफू म्हणजे भोक शिवून टाकणं नव्हे. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणाची नजर जाणार नाही तिथून धागे काढायचे आणि भोकाच्या जागी कापड नव्याने विणायचं. उभे धागे मास्तर घालत, आडवे मास्तरीण. कपडा दोघांच्या मधोमध पसरलेला असे. खिडकीकडे तोंड करून बसलं तर उजेड डोळ्यांवर येतो, कापडावर येत नाही. म्हणून दोघं एकाच बाकावर खिडकीकडे पाठ करून बसत. उजेड मागून यायचा, दोघांच्या डोक्यांमधून वाट काढून कापडावर पडायचा. एकाचं डोकं जरा आत आलं की दुसऱ्याच्या टाक्यावर सावली. त्यामुळे मास्तरांची मान कायम डावीकडे कललेली आणि मास्तरणीची उजवीकडे. इतकी वर्षं ती दोघं अशीच एकमेकांपासून कलून, एकमेकांसाठी जागा करून बसली होती.

शेजारी घड्याळांचं दुकान आहे. विक्रीच्या घड्याळांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवलेले असतात, एक इकडे झुकलेला, एक तिकडे. घड्याळवाल्याने या जोडीचं नाव दहा-दहा ठेवलं होतं. पायऱ्यांवरून वाकून विचारायचा, “काय, दहा-दहा, चहा घेणार का?”

“आमच्यात कधी बारा वाजत नाहीत, ते आधी बघ,” मास्तर म्हणायचे. “तुझ्या घड्याळांना वेळ तरी कळते का?”

मास्तरीण हसायची, पण सुईवरची नजर काढायची नाही.

एक गोष्ट मला तिथेच कळली. सुई बोटाला लागून कपड्यावर रक्ताचा ठिपका पडला, तर पाणी लावायचं नाही, डाग पसरतो. पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा तोंडात धरून चावून ओला करायचा आणि त्याने ठिपका हलक्या हाताने टिपायचा. मात्र ज्याचं रक्त त्यानेच दोरा चावायचा, असं त्यांच्या धंद्यात मानतात. एकदा मास्तरणीच्या बोटाला सुई लागली तेव्हा मास्तरांनी झटकन स्वतःचा ओला दोरा पुढे केला. ती म्हणाली, “तुमचा नाही चालत, माझाच लागतो. इतक्या वर्षांत एवढंही माहीत नाही?” मास्तर म्हणाले, “माहीत आहे गं. प्रेमाने देतो आहे, घे.” मी बसलेली आहे हे दोघंही विसरली होती.

दुखणं कुणाचं आधी सुरू झालं ते दोघांनाही सांगता येत नसे. मास्तरांच्या डाव्या खांद्यापासून मानेपर्यंत एक दोर ताणल्यासारखा झाला होता. मास्तरणीचं तेच उजवीकडे. तिला वर डोकेदुखीही होती. मलम, गरम पाण्याची पिशवी, उशी बदलणं, उशी काढून टाकणं, सगळं करून झालं. दुकानात मलमाचा असा वास यायचा की गिऱ्हाईक आधी कोट हुंगून बघायचं. संध्याकाळी सुई ठेवल्यावर मान सरळ करताना दोघांच्या तोंडून एकदमच आवाज निघायचा. शेवटी डावा हात उचलतानाही मास्तरांना दुसऱ्या हाताचा आधार लागू लागला, तेव्हा ते दवाखान्यात गेले. मास्तरीण मागाहून, दुसऱ्या दिवशी गेली. दुकान बंद ठेवायचं नाही म्हणून दोघं नेहमी आळीपाळीनेच जात. डॉक्टरांनी दोघांना तपासलं, पण एका बाकावर बसलेलं कधी पाहिलं नाही.

मास्तर परत आले ते पायऱ्यांवरूनच बोलत.

“अंगठ्याने चाचपत गेले आणि एका जागी दाबलं, तर खांदा असा उडाला, पाण्याबाहेर काढलेला मासा उडतो तसा! म्हणाले, सापडली. स्नायूत गाठ आहे. मग तिथेच सुई टोचली. आधी जीव गेला म्हटलं, आणि मग... कसं सांगू ताई, आत कुणीतरी गाठ सोडवली.” त्यांनी मान इकडे फिरवली, तिकडे फिरवली. “बघ, बघ! मला मागची खिडकी दिसते!”

“इतकी वर्षं काय बघत होतात?” मास्तरीण म्हणाली.

“तुझा कान.”

डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. सुईने स्नायू मोकळा होईल, पण थोडे दिवस. त्या मोकळ्या दिवसांत रोज व्यायाम करायचा, म्हणजे गाठ पुन्हा धरणार नाही. व्यायाम करता यावा म्हणून सुई, काम जास्त करता यावं म्हणून नव्हे. हे मास्तरांनीच आम्हाला सांगितलं, डॉक्टरांच्या आवाजाची नक्कल करून. आणि दुसऱ्या दिवशी कपाटात मागे सारलेले अवघड कपडे बाहेर काढून कामाला लागले.

मास्तरणीलाही डॉक्टर सुई घ्या म्हणाले होते. दिवसभर सुई हातात असणारी बाई ती सुई पाहून उठून उभी राहिली. “कापडाला टोचणं वेगळं. माझ्या हाताला बधिरपणा आला तर? मुंग्या आल्या तर? मी काय करू मग, भोकाकडे बघत बसू?” डॉक्टरांनी समजावलं, पण तिने ऐकलं नाही. मग तिला व्यायामाच्या बाईंकडे पाठवलं.

व्यायामाच्या बाई म्हणजे दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर व्यायाम शिकवणारी एक तरतरीत मुलगी. मीही माझ्या खांद्यासाठी तिच्याकडे जाऊन आलेली. तिने मास्तरणीला चित्रं काढलेला एक कागद दिला आणि रबराचा एक लांब पट्टा. हनुवटी मागे ओढायची आणि धरून ठेवायची. दोन्ही खांद्यांची पाती मागे जुळवायची. कान खांद्याकडे न्यायचा, हळूहळू, दुसऱ्या बाजूला ताण बसेपर्यंत. आणि कामातून सारखं उठायचं, मान सरळ करायची, पुन्हा बसायचं. मास्तरणीने तो कागद दोऱ्यांच्या खणावर चिकटवला.

“हा कागदावरचा माणूस टकला का आहे?” मास्तरांनी विचारलं.

“व्यायाम न करणारी बायको मिळाली असेल, केस उपटून घेतले असतील,” ती म्हणाली.

हनुवटी मागे ओढली की तिच्या गळ्याला दुसरी हनुवटी यायची. पायऱ्यांवर पाऊल वाजलं की मास्तर हळूच म्हणायचे, “अगं, गिऱ्हाईक आलं, एक हनुवटी आत ठेव.” ती पट्टा दाराच्या कडीला अडकवून ओढायची, तेव्हा मास्तर म्हणायचे, “ताई, ही दार उखडून नेणार. मग घड्याळवाल्याची नजर थेट आत.” तरीही ती करत राहायची. मला तिच्या त्या हट्टाचं कौतुक वाटायचं. कॉन्व्हेंट शाळेत आमच्या सिस्टर पाठीला पट्टी लावून सरळ बसवायच्या, आणि त्यांची पाठ फिरली की आम्ही पुन्हा वाकायचो. हिच्या पाठीला पट्टी लावायला कुणी नव्हतं, तरी ती सरळ व्हायची.

पण सोपं नव्हतं ते. सुरुवातीला तर दुखणं वाढलंच. एका दुपारी ती कोट तसाच टाकून आतल्या मोरीपाशी गेली आणि नळ सोडून रडली. नळ सोडला म्हणजे ऐकू येत नाही असं तिला वाटत असावं. व्यायामाच्या बाईही तिला म्हणाल्या, एकदा सुई घ्या, दुखणं थोडं उतरलं की व्यायाम नीट होईल. ती नाहीच म्हणाली. “एका टाक्यात कापड होतं का? एकेक धागा भरावा लागतो. मी भरीन.”

“आणि मी जन्मभर सुईवर जगलो,” मास्तर तिकडून म्हणाले, “आता तिच्यावर अविश्वास दाखवू?”

गल्लीत यावर दोन तट पडले. घड्याळवाला सुईच्या बाजूचा. त्याच्या मते जे झटकन होतं तेच खरं. वर राहणाऱ्या आम्ही बायका व्यायामाच्या बाजूच्या. करत मात्र आमच्यातली एकही नव्हती. काही दिवस तर असं वाटलं की मास्तरांचंच बरोबर. ते मान वळवून वळवून बोलत होते आणि मास्तरीण कपाळाला फडकं बांधून बसली होती. मग हळूहळू पारडं फिरलं. मास्तरांची गाठ पुन्हा धरली, ते पुन्हा सुई घेऊन आले, पुन्हा हसत आले, पण हसणं आधीपेक्षा लवकर संपलं. तिसऱ्या खेपेला ते हसत आले नाहीत. मास्तरणीचं फडकं मात्र कधी सुटलं ते तिलाही कळलं नाही. एक दिवस ती म्हणाली, “ताई, आज सकाळी डोकं दुखतंय का म्हणून शोधलं, तर सापडलं नाही.” आणि लगेच नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

मी दोघांकडे रोज पाहत होते म्हणून लिहिते. सुई वाईट होती असं मला वाटत नाही, आणि व्यायामाने जादू झाली असंही नाही. दोघांनाही दोन्ही सांगितलं होतं. मास्तरांनी सुई घेतली आणि त्या सुईने दिलेली मोकळीक कामाला घातली. मास्तरणीने व्यायाम घेतला आणि नको तितकं सोसलं. एकच उपचार होता, तो दोघांनी फाडून अर्धा अर्धा वाटून घेतला.

पुढच्या वेळी डॉक्टर मास्तरांना नाही म्हणाले. व्यायाम केल्याशिवाय सुई मिळणार नाही, आणि आणखी काही होत असेल तर सांगा, हातात काही जाणवतं का? मास्तर म्हणाले, काही नाही. हे मला नंतर कळलं.

तेव्हा मला एवढंच दिसत होतं की मास्तर डाव्या हातातली कात्री टेबलाच्या कडेवर ठेवतात आणि ती पडते. सुईत दोरा ओवताना आता सुई नाकाजवळ नेतात. त्यांनी कारण सांगितलं ते चष्म्याचं. मास्तरीण म्हणाली, “चष्मा बदला.” ते म्हणाले, “बदलतो.”

मग तो पांढरा कोट आला. पांढराशुभ्र लोकरी कोट, खांद्यापाशी कसरीने खाल्लेला. कोट ज्यांचा होता त्या बाईंनी तो लहान बाळ द्यावं तसा मास्तरांच्या हातात दिला. पांढऱ्यावरचं रफू सगळ्यात अवघड, त्यात काही लपत नाही. मास्तर खूश झाले. असं काम त्यांना आवडायचं.

त्या दुपारी मी स्टुलावर होते. बाहेर ढगाळ होतं, उजेड बेताचा. मास्तर उभे धागे घालत होते आणि काहीतरी सांगत होते, घड्याळवाल्याने म्हणे एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचंच घड्याळ दिलं आणि दोघांनाही त्याचा पत्ता लागला नाही. मास्तरीण हसत हसत आडवे धागे घालायला पुढे वाकली आणि तिचं हसणं तोंडावरच थांबलं. कोटावर तांबडे बारीक ठिपके होते. एक नव्हे, ओळीने, जिथे जिथे सुई वर आली होती तिथे तिथे. मास्तरांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट कापडाखाली होतं, सुईला आधार देत. सुई दर वेळी त्या बोटात शिरत होती आणि मास्तर बोलत होते.

मास्तरणीने हलकेच तळहात ठिपक्यांवर ठेवला, जणू कापड सारखं करते आहे. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये एवढंच त्या पाहण्यात होतं. मग तिने पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा काढला, तोंडाकडे नेला आणि अर्ध्यावर थांबली. तिच्या तोंडचा दोरा चालणार नव्हता. ज्याचं रक्त त्याचाच हवा. ती लपवू पाहत होती ते लपवण्यासाठीसुद्धा तिला त्यांच्याकडेच मागावं लागणार होतं.

बराच वेळ ती तो दोरा बोटांत धरून बसली. रक्त सुकलं की निघत नाही. शेवटी तिने तो त्यांच्यापुढे केला.

“जरा ओला करून द्या हो.”

मास्तरांनी दोरा घेतला, सवयीने तोंडात धरला आणि चावता चावता थांबले. त्यांनी तिच्या बोटांकडे पाहिलं. तिच्या बोटांवर रक्त नव्हतं. मग त्यांनी स्वतःचा हात कापडाखालून काढला आणि उलटून पाहिला. बोटाचा शेंडा चाळणीसारखा झाला होता.

“कुठे लागलं?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “मला कळलंच नाही.”

“कधीपासून?”

मास्तरांनी दोरा तोंडातून काढून तिच्या हातात दिला. “टिप आधी. सुकेल.”

ती टिपत राहिली, एकेक ठिपका, आणि ते तिला एकेक ओला दोरा देत राहिले.  सगळे ठिपके निघाले. कोट पुन्हा पांढरा झाला.

“पहिल्या सुईच्या आधीपासून?” तिने कोटाकडे बघतच विचारलं.

“तेव्हा नुसत्या मुंग्या होत्या.”

“आणि डॉक्टरांना नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर काम बंद करा म्हणाले असते.”

 बधिरपणाच्या भीतीने जिने कधी सुई घेतली नाही, तिच्या शेजारी बसून त्या माणसाने एवढे दिवस बधिर हाताने उभे धागे घातले होते, आणि त्या धाग्यांवरून तिने आडवे विणले होते.

पुढचं थोडक्यात सांगते. तपासण्या झाल्या. खांद्याची गाठ खरीच होती, पण तिच्या आड दुसरं दुखणं वाढत होतं. मानेच्या मणक्यांमध्ये नस दबली होती. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, कळ जाईल, बोटांचं सांगता येत नाही. कळ गेली. बोटं परत आली नाहीत. आधी कळलं असतं तर आली असती का, हे मास्तरणीने विचारलं नाही, आणि डॉक्टरांनीही आपणहून सांगितलं नाही.

मास्तर घरी आले आणि अगदी पहिल्या दिवसापासून व्यायामाला लागले. तोच टकला माणूस, तोच रबरी पट्टा. ज्याची थट्टा केली होती ते सगळं ते आता शिस्तीने करत. सकाळी, जेवणाआधी, दुपारी, संध्याकाळी. मी खाली गेले की हनुवटी मागे ओढून धरलेली असे, त्यामुळे उत्तर उशिरा मिळे. त्यांना दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. काही महिन्यांत त्यांची मान सरळ झाली. पहाऱ्यावरच्या शिपायासारखी ताठ. खांदे मागे. लग्नातसुद्धा ते असे बसले नसतील, असं मास्तरीण म्हणाली.

आणि तसे ताठ बसून ते रोज दुकानात येऊन बसत. त्याच बाकावर, त्याच जागी, तिच्या डाव्या हाताला. बधिर हात मांडीवर. उभे धागेही आता मास्तरीणच घालायची. ते सांगायचे, “एक धागा सुटला बघ तिथे,” आणि खरंच सुटलेला असायचा. कधी कधी सुटलेला नसतानाही ती तिथे पुन्हा सुई घालायची.

मला आधी लक्षात आलं नाही. घड्याळवाल्याच्या आलं. त्याने पायऱ्यांवरून वाकून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, “दहा-दहाचे आता नुसते दहा वाजले की.” एक काटा सरळ वर, एक कललेला. बोलून झाल्यावर त्याची नजर मास्तरांच्या मांडीवरच्या हाताकडे गेली, आणि तो चहाचं न विचारताच निघून गेला. त्यानंतर त्याने ते नाव कधी घेतलं नाही.

मास्तरांची मान सरळ झाली आणि त्यांच्या डोक्याची सावली कापडावर पडू लागली. मागून येणारी उजेडाची वाट अर्धी बंद झाली. ती अर्धी भरून काढायला मास्तरीण आणखी उजवीकडे कलू लागली. बाकाच्या अगदी टोकाला, एक पाय बाहेर टेकून. कपाळाचं फडकं पुन्हा आलं. मास्तर दुपारची डुलकी घेत तेव्हा ती ते बांधायची आणि त्यांनी डोळे उघडले की सोडायची. खणावरचा कागद तसाच होता, पण तिच्या व्यायामाला वेळ राहिला नव्हता. दोघांचं काम एकटीने उरकायचं होतं.

व्यायामाच्या बाई एकदा आपला स्वेटर घेऊन आल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्या पायऱ्या उतरल्या. दोघांना बाकावर पाहून त्या दारातच उभ्या राहिल्या. मग मास्तरीण त्यांना पोचवायला वर आली तेव्हा मीही बरोबर होते.

“काकू, तुम्ही अशा बसता? हे मला आधी कुणी का नाही दाखवलं? मी तुम्हाला कितीही व्यायाम दिले तरी...” त्या थांबल्या. “काकांना जरा दुसरीकडे बसवा ना. समोर खुर्ची टाका. सगळा उजेड तुम्हाला मिळेल.”

“समोर गिऱ्हाईक बसतं,” मास्तरीण म्हणाली.

“मग काय झालं?”

“ते तिकडे बसले की गिऱ्हाईक होतील.”

 त्या म्हणाल्या, “निदान त्यांना सांगा तरी. ते स्वतःच सरकतील.”

“सरकतील ना. लगेच सरकतील. मग घरीच बसतील.” तिने पदराने मान पुसली. “काय सांगू त्यांना, तुमची सावली पडते?”

त्यानंतर काही आठवड्यांनी ती माझ्याकडे वर आली. तिने कधी माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. “ताई, माझ्याबरोबर दवाखान्यात याल? यांना सांगू, तुमचं काम आहे म्हणून.”

आम्ही गेलो. डॉक्टर तेच. त्यांनी तिचा उजवा खांदा चाचपला, एका जागी अंगठा रोवला आणि तो खांदा उडाला. मास्तरांनी सांगितला होता तसा. ती माझा हात धरून बसली होती. सुई दिसली तेव्हा तिने तोंड फिरवलं नाही. नीट पाहत राहिली, कुणा दुसऱ्या कारागिराचं काम पाहावं तशी.

“बरं वाटेल आता,” डॉक्टर म्हणाले. “पण हे थोड्या दिवसांचंच, तुम्हाला माहीत आहे. व्यायाम होतो ना?”

“होतो की,” ती म्हणाली. “आमच्या घरात रोज होतो. चार वेळा.”

डॉक्टरांनी मान डोलावली आणि हात धुवायला गेले.

परतताना ती रस्त्याने मान डावीकडे वळवून बघत होती, उजवीकडे वळवून बघत होती. एका दुकानाच्या काचेत तिला स्वतःचं सरळ उभं असलेलं रूप दिसलं तेव्हा क्षणभर थांबली. “उंच आहे की मी,” असं म्हणाली, आणि चालू लागली. सुईचा गुण किती दिवस राहील हे तिने विचारलं नव्हतं. मास्तरांचं पाहिल्यावर विचारायचं काय उरलं होतं?

आम्ही पायऱ्या उतरलो. मास्तर बाकावर आपल्या जागी बसले होते, ताठ, हनुवटी मागे. टेबलावर गडद निळ्या रंगाचा कोट होता, त्याच्यावर त्यांची सावली. त्यांनी धरलेली हनुवटी सोडली आणि माझ्याकडे पाहून विचारलं, “झालं का ताई तुमचं काम?”

“झालं,” मी म्हटलं.

“मग बस गं लवकर,” ते तिला म्हणाले. “उजेड छान आहे अजून.”

ती बाकाच्या टोकाला बसली, एक पाय बाहेर टेकवला आणि उजवीकडे कलली.